पोलादनगरीचे कलावैभव

हावडा-मुंबई लोहमार्गाने नागपूरहून पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशास दुर्ग ओलांडताच भिलाईच्या धुरांड्यांचे दर्शन घडते. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा गावी कलेचा शोध कोठे घ्यावा, असा प्रश्न नवख्या माणसास पडणे स्वाभाविक आहे. पुरातन मूर्ती पाहावयाच्या तर रायपूरला जावे. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या नावाचे, १८७५ साली स्थापन झालेले संग्रहालय तेथे आहे. संगीताचे विद्यापीठ खैरागढच्या राजवाड्यात. भिलाईला मात्र ना राजा लाभला, ना राजवाडा.

येथे राजाश्रयाची जागा कारखान्याने घेतली. सिव्हिक सेंटरमधील नेहरू आर्ट गॅलरी आणि महात्मा गांधी कलामंदिर, तसेच सेक्टर १ मधील नेहरू हाउस ऑफ कल्चर ही सारी पोलादनगरीचीच अपत्ये. देशाच्या कानाकोपऱ्यांतून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांनी आपापली भाषा, नाटके आणि उत्सव सोबत आणले. त्यांत मराठी कुटुंबेही होती.

परंतु या भूमीची स्वतःची कला या सभागृहांहून कितीतरी जुनी आहे. छत्तीसगढी 'नाचा' रात्रभर चालतो, त्यात स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात, आणि त्यातील विनोदी प्रवेशास 'गम्मत' म्हणतात. हा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, हे आठवले की या शब्दाशी आपले नाते असावे असे वाटल्यावाचून राहत नाही. याच नाचाच्या कलावंतांना घेऊन हबीब तन्वीर यांनी नाटके केली. विजयदान देथा यांच्या कथेवरील 'चरनदास चोर' या नाटकाने भिलाईतील कार्यशाळेत आकार घेतला. त्याचा आरंभीचा प्रयोग सतनामी पंथाच्या प्रेक्षकांसमोर उघड्या मैदानावर झाला. त्याच नाटकाने पुढे १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात पुरस्कार मिळविला.

या सर्वांत आम्हा बँकवाल्यांना विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट आहे ती तीजनबाईंची. भिलाईजवळच्या गनियारी गावी, पारधी समाजात त्यांचा जन्म झाला. महाभारताची कथा गाऊन सांगणारी पंडवानी स्त्रियांनी गायची ती बसून, 'वेदमती' शैलीत, असा संकेत होता. हाती तंबुरा घेऊन उभ्याने, अभिनयासह गायची 'कापालिक' शैली पुरुषांची. तीजनबाई उभ्या राहिल्या. तंबुऱ्याची क्षणात भीमाची गदा झाली, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. तेराव्या वर्षी केलेल्या पहिल्या कार्यक्रमाची बिदागी होती दहा रुपये. या गाण्यापायी समाजाने त्यांना वाळीत टाकले. पुढे याच पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली.

या नोकरीचे मोल वाणिज्य शाखेच्या माणसास चटकन उमगते. बिदागीवर जगणाऱ्या कलावंताची मिळकत हंगामी असते. सुगी सरली, पाऊस लागला की गाणे थांबते. अशा जिवास दरमहा ठरल्या दिवशी वेतन मिळणे म्हणजे उद्याची चूल पेटेल याची हमीच. अक्षरओळख नसलेल्या या गायिकेस २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण लाभले. त्यामागील तपश्चर्या सर्वस्वी त्यांची. पण वेतनपटावरील त्या एका नावाचे श्रेयही लहान मानू नये. सन्मानपत्रे पुष्कळ संस्था देतात, नोकरी देणाऱ्या थोड्या.

आज कारखान्यातील कायम कामगारांची संख्या पूर्वीच्या मानाने बरीच घटली आहे. नव्या तीजनबाईस तसा वेतनपट कोण देणार, हा प्रश्न त्यामुळे भिलाईपुरता उरत नाही. ग्रामीण शाखांत काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांच्या काउंटरसमोरही असे कलावंत उभे राहतात, आणि मिळकतीचा पुरावा विचारला की गप्प होतात.

भिलाईस बदली झालेल्या वा कामानिमित्त जाणाऱ्या वाचकांनी एक संध्याकाळ सिव्हिक सेंटरसाठी अवश्य राखून ठेवावी. आणि जवळपासच्या एखाद्या गावी नाचा असल्याचे कानी आले, तर दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाकावी; तो पहाटेपूर्वी संपत नाही.