रांगतं बाळ आणि घराचे खालचे दोन फूट

बाळ रांगायला लागलं की घराची बोली पालटते. ‘किती गुणी आहे, ठेवलं तिथे खेळत बसतं’ असं ज्याचं कौतुक चाललेलं असतं, त्याच्या मागे दिवसभर ‘अरे नको’, ‘सोड ते’, ‘छी, टाक’ सुरू होतं. जोसेफ कॅम्पोस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये रांगत्या मुलांच्या आईवडिलांकडून अशीच माहिती गोळा केली होती. मूल रांगू लागलं की आईवडील त्याला जास्त ओढीने जवळ घेतात, पण त्याच्यावर रागावूही लागतात. याचं कारण असं, की आता त्याला कळतं आणि तरीही ते मुद्दाम करतं, असं त्यांच्या मनाने घेतलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की पहिल्या दीड वर्षात हा समज जवळजवळ नेहमी चुकीचा ठरतो. बाळ ज्या खोड्या करतं त्यांतूनच ते सावध व्हायला शिकत असतं. त्यामुळे या काळात वळण लावायचं ते घराला.

आधी वेळापत्रकाची काळजी बाजूला ठेवू, कारण तिच्यापायीच पुष्कळ घरांत बाळाला घाई केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या आठशेहून अधिक निरोगी मुलांच्या हालचाली नोंदवल्या. त्यांतली भारतीय मुलं दक्षिण दिल्लीतली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदींनुसार आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांच्या दरम्यान आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही येऊ शकतं. शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अशी मुलं पोटावर सरपटतात, बसल्याबसल्या ढुंगणावर सरकतात किंवा थेट धरून उभी राहतात. तेव्हा शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चाललं म्हणून आपल्या बाळाला बोट धरून चालवत नेण्याची गरज नाही. मात्र काही खुणा दिसल्या तर थांबू नये. नऊ महिने उलटूनही बाळ बसत नाही, दीड वर्ष झालं तरी एकटं चालत नाही, वर्षाच्या आतच एक हात सोडून दुसरा वापरत नाही, किंवा येत असलेली गोष्ट करेनासं झालं, यांपैकी काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना प्रसूतीची मूळ अपेक्षित तारीख धरावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात अशा मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होतात. अंगणवाडीत विचारलं तर वाट कळते.

आता खोड्यांकडे येऊ. स्टीलचा डबा हाती लागलेलं अकरा महिन्यांचं बाळ थोडा वेळ नुसतं पाहावं. ते डबा टाकतं, आवाज ऐकतं आणि आपल्याकडे बघतं. मग झाकण वेगळं करून टाकतं. ते घरंगळत फ्रीजखाली गेलं की पालथं पडून तिथे डोकावतं. पुढच्या खेपेला डब्यात चमचा असतो, त्याच्या पुढच्या खेपेला हात दुसरा असतो. दर वेळी काहीतरी बदललेलं असतं. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२० आणि १९३० च्या दशकांत स्वतःच्या मुलांची हीच वागणूक बारकाईने टिपून ठेवली होती. त्याने तिच्यात प्रयोगाची सुरुवात पाहिली, आणि तो अर्थ आजही पटतो. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमू लागते. म्हणून फरशीवरचा केस, मुंगी, तांदळाचा दाणा हे सगळं उचललं जातं आणि तोंडात जातं. ‘खोडी’ म्हणून ज्याची तक्रार होते ते कधीकधी अर्धवट शिकलेलं कौशल्यही असतं. काही बाळं पलंगाचा कठडा धरून मध्यरात्री उभी राहतात आणि रडतात. उभं राहणं साधलेलं असतं, खाली बसणं साधलेलं नसतं. गुडघे वाकवून बसायचं कसं हे दिवसा चार वेळा हात धरून दाखवलं, की हा ‘हट्ट’ काही दिवसांत जातो.

माझ्या मुद्द्याचा सगळ्यात भक्कम पुरावा न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांच्या प्रयोगांत मिळतो. त्यांनी बाळांसाठी एक उतरण बनवली. तिचा उतार अगदी सपाटापासून ३६ अंशांपर्यंत वाढवता येई. पडणाऱ्याला झेलायला एक संशोधक सतत शेजारी असे आणि खालच्या टोकाला आईबाबा हाक मारत असत. नुकती रांगू लागलेली बाळं कुठल्याही उतारावर बेधडक झेपावत आणि घसरत. आठवडे गेले तसं तेच बाळ कड्याशी थांबू लागलं, हाताने उतार चाचपू लागलं, न झेपणारा असेल तर जागचं हलेना. मग ते चालायला लागलं. आता तेच बाळ त्याच उतरणीवरून पुन्हा बेधडक पाऊल टाकू लागलं, जणू आधीचे सगळे आठवडे पुसले गेले. त्याला हातागुडघ्यांवर ठेवलं तर ते उतार ओळखून थांबे, आणि लगेच पायांवर उभं केलं की कड्यावरून पुढे जाई. उतार धोक्याचा, ही माहिती म्हणून डोक्यात साठलेली नसतेच. या अंगस्थितीत माझा तोल कुठवर राहतो, एवढंच त्याला कळलेलं असतं, आणि अंगस्थिती बदलली की तो धडा पहिल्यापासून गिरवावा लागतो. हा धडा स्वस्तात येत नाही. अडॉल्फ यांच्या गटाने २०१२ मध्ये मोजलं, तेव्हा १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती.

यावर घरातली मोठी माणसं म्हणतील, मग काय मुलाला ‘नाही’ म्हणायचंच नाही? अशाने ते शेफारेल. आक्षेप रास्त वाटतो, कारण नऊ-दहा महिन्यांचं बाळ ‘नाही’ ऐकून खरोखर थबकतं. पण कळणं आणि स्वतःला आवरणं या दोन वेगळ्या शक्ती आहेत. पियाजेनेच दाखवलेला एक प्रयोग घरी करता येतो. या वयाच्या बाळासमोर खेळणं दोन-तीनदा एका रुमालाखाली लपवा, ते बरोबर काढतं. मग त्याच्या डोळ्यांदेखत ते दुसऱ्या रुमालाखाली ठेवून क्षणभर थांबा. पुष्कळ बाळं पुन्हा पहिल्याच रुमालाकडे हात नेतात. सवयीने पुढे झालेला हात आवरण्याचं काम कपाळामागचा मेंदू करतो, आणि तो या वयात नुकता घडू लागलेला असतो. सॉकेटकडे बोट नेताना आपल्याकडे बघून हसणारं बाळ आव्हान देत नसतं. ते आपला चेहरा वाचत असतं. म्हणून ‘नाही’ जरूर म्हणावं, पण आग, पाणी, वीज यांसाठी राखून, आणि चेहऱ्यावरही ते दिसावं. दिवसातून शंभरदा म्हटलेल्या ‘नाही’ला वजन उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. एका खोलीत पाच माणसं राहतात, खालीच शेगडी आहे, दाराबाहेर जिना आहे. तिथे मोकळीक द्यायची कुठून? यावर वॉकर हा उपाय वाटतो, पण आहे तो उलट दिशेचा. वॉकरमध्ये बाळाला तोल सांभाळावा लागत नाही, स्वतःची पावलं नीट दिसत नाहीत, आणि मेहनत न करता मिळालेल्या वेगाने ते जिन्याकडे, शेगडीकडे पोचतं. त्याने चालणं लवकर येत नाही. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्या जुन्या पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे वजन बाळाच्या स्वतःच्या पायांवर असतं आणि तोल गेला की ते खाली बसतं. लहान घरात एक चटई, पाठीशी भिंत आणि मोठ्यांपैकी कोणाचं तरी लक्ष, असा दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास निघाला तरी पुष्कळ आहे. मांडणीचा सर्वांत खालचा कप्पा रिकामा करून त्यात पातेली, झाकणं, लाकडी पळ्या ठेवाव्यात आणि तो कप्पा बाळाचा समजावा.

उरलं ते घर. त्यासाठी मोठ्या माणसाने एकदा स्वतः हातागुडघ्यांवर घरभर फिरून जमिनीपासून दोन फुटांपर्यंत काय काय हाताला लागतं ते बघावं. बादलीतलं दोन-चार इंच पाणीही घातक असतं, कारण डोकं जड असलेलं बाळ आत वाकलं की त्याला परत उठता येत नाही. रिमोटमधली चपटी गोल बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. शेंगदाणे, फुटाणे, नाणी श्वासनलिकेत जातात. संक्रांतीच्या बोरन्हाणात आपण बोरं, हरभरे, हलवा, भुईमुगाच्या शेंगा नेमक्या याच वयाच्या मुलाच्या डोक्यावरून ओततो आणि त्याच्याभोवती पसरवतो. तो सोहळा नुसत्या चुरमुऱ्यांनी आणि फुलांच्या पाकळ्यांनीही तितकाच गोड होतो, आणि उरलेलं वाण मोठ्या मुलांच्या हातात देता येतं. फिनेल, रॉकेल, औषधं वरच्या फळीवर आणि झाकणबंद हवीत, पेयाच्या बाटलीत तर कधीच नकोत. ही पाहणी एकदा करून भागत नाही. बाळ धरून उभं राहू लागलं, की टेबलाच्या कडेचा चहाचा कप, लोंबणारा टेबलक्लॉथ, ओट्याबाहेर आलेला कढईचा दांडा हे सगळं त्याच्या टप्प्यात येतं, आणि त्या उंचीचा एकही धडा त्याने अजून घेतलेला नसतो.