सोळा तासांचा दीड दिवस

अमेरिका आता सोळा तासांवर आली, असं आपण सहज म्हणतो. अहमदपूरसारख्या गावातली मुलंही आता तिकडं नोकरीला आहेत. घरात कुणी गेलं की पहिला प्रश्न येतो, लेक मातीला पोहोचेल का? म्हणून हा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. तो मध्य आशिया, रशिया, स्वीडन, आइसलँड असा उत्तरेकडून जातो. जवळची वाट हीच. पण आभाळालाही शिवा असतात. २०२२ मध्ये रशियानं अमेरिकी विमानांना आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. वळसा पडला की तास वाढतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. विमान उडतं त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. त्यामुळं जाताना सुमारे १६ तास लागतात, येताना साडेचौदा.

तिसरी गोष्ट घड्याळाची. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतं, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यात तिथून सोमवारी दुपारी बाराला निघालेलं विमान मुंबईत मंगळवारी दुपारी बाराला उतरतं. तिकिटावर २४ तास दिसतात, प्रवास मात्र साडेचौदाच तासांचा.

आता जमिनीवरचा हिशेब. विमानतळावर तीन तास आधी जावं लागतं. उतरल्यावर पासपोर्टची तपासणी आणि सामान यांत तास-दीड तास मोडतो. मुंबईहून अहमदपूरला मोटारीनं दहा-अकरा तास. म्हणजे सगळे मिळून तीस तास झाले. दुबईसारख्या ठिकाणी विमान बदलून हैदराबादला उतरलं, तर विमानाचे चार-पाच तास वाढतात, पण पुढचा रस्ता अडीचशे किलोमीटरच्या आसपासच राहतो. दोन्ही वाटा जवळपास सारख्याच पडतात. त्यात तिकीट लगेच मिळेलच असं नाही. एकूण दीड दिवस धरावा.

मुसलमानाच्या घरी दफन लवकर उरकण्याचा रिवाज आहे. हिंदू घरांतही शक्यतो रात्र ओलांडू देत नाहीत. बर्फाची पेटी मागवून थांबायचं, की फोनवरून लेकाची परवानगी घेऊन माती उरकायची, हे घरच्यांनी ठरवावं. पण ठरवताना हा दीड दिवस समोर असावा. मग न पोहोचलेल्या लेकाला, ‘सोळा तासांचीच तर वाट होती’, असं कुणी म्हणणार नाही.