एक मिलिमीटर आणि एकशे अकरा फ्रेम्स

स्नूकरचं टेबल टीव्हीवर लहान दिसतं. प्रत्यक्षात त्याची खेळायची जागा जवळजवळ पावणेबारा फूट लांब आणि ५ फूट १० इंच रुंद असते. शहरातल्या कितीतरी घरांच्या बैठकीत ते मावणारच नाही, आणि मावलं तरी क्यू मागे खेचायला जागा उरणार नाही. त्यावर २२ चेंडू, प्रत्येकाचा व्यास ५२.५ मिलिमीटर. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड सुमारे साडेतीन इंचांचं, म्हणजे ८९ मिलिमीटर. चेंडू अगदी मधोमध गेला, तर दोन्ही बाजूंना अठरा-अठरा मिलिमीटर मोकळे राहतात.

आता पांढरा चेंडू, लाल चेंडू आणि पॉकेट एका सरळ रेषेत आहेत असं धरा. पांढऱ्यापासून लाल दीड मीटरवर आणि लालपासून पॉकेटही दीड मीटरवर. पांढरा लालपर्यंत पोचेतो फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकला, क्यूच्या टोकाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. तेवढ्याने लालची दिशा एका अंशाहून किंचित जास्त फिरते आणि दीड मीटरनंतर तो सुमारे २९ मिलिमीटर भरकटलेला असतो. सवलत अठराची होती. चेंडू पॉकेटच्या जबड्यावर आपटतो, थरथरतो आणि बाहेर राहतो. ही आकडेमोड एकदा कागदावर मांडल्यापासून लांबचा पॉट, म्हणजे दूरचा चेंडू पॉकेटात, पडताना मला आधी दिसतो तो हा एक मिलिमीटर.

एका फ्रेममध्ये, म्हणजे एका डावात, सगळं नीट जुळून आलं तर १४७ गुण होतात. पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा, मग शेवटचे सहा रंग. एकामागून एक ३६ पॉट, एकही चूक न करता. दहापैकी नऊ पॉट यशस्वी करणारा खेळाडू आपल्या क्लबात राजा ठरेल. पण त्याच सरासरीने सलग ३६ पॉट पडण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास येते. शंभरात सत्त्याण्णव पॉट करणाऱ्यालासुद्धा तीनातून एकदाच जमेल. आणि हा हिशोब फक्त पॉटचा झाला. पांढऱ्याला प्रत्येक वेळी पुढच्या चेंडूसाठी योग्य जागी थांबवायचं, ते वेगळंच. पंधरा लाल कोणत्या क्रमाने उचलायचे, एवढ्याच निर्णयाचे कागदावरचे पर्याय १ लाख ३० हजार ७६७ कोटींहून अधिक आहेत.

२१ एप्रिल १९९७ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये एकवीस वर्षांच्या रॉनी ओसलिव्हनने हे ३६ पॉट ५ मिनिटं ८ सेकंदांत केले. एका पॉटला साडेआठ सेकंद, आणि त्यातच टेबलाभोवती चालणं, वाकणं, नेम धरणं, मारणं सगळं आलं. त्या ब्रेकसाठी, म्हणजे सलग पॉटच्या खेळीसाठी, ठेवलेलं बक्षीस होतं १ लाख ४७ हजार पौंड. सेकंदाला ४७७ पौंड पडले.

याच खेळाचं दुसरं टोक २०१७च्या जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत दिसलं. फर्गल ओब्रायन आणि डेव्हिड गिल्बर्ट ९-९ अशा बरोबरीत होते, आणि निर्णायक फ्रेम चालली १२३ मिनिटं ४१ सेकंद. तेवढ्या वेळात ओसलिव्हनचा तो ब्रेक चोवीस वेळा बसला असता. काही जण अशा फ्रेमला कंटाळवाणी म्हणतात. मला ते पटत नाही. एका चुकीवर अख्खं वर्ष पणाला लागलेलं असताना दोन तास चूक टाळत राहायचं, ही वेगाच्या तोडीचीच कमाई आहे.

जागतिक स्पर्धा १९७७ पासून क्रूसिबलमध्येच होते. थिएटरात जेमतेम ९८० प्रेक्षक मावतात. सतरा दिवस, ३२ खेळाडू, ३१ सामने. सगळे सामने एकतर्फी झाले तरी ३६८ फ्रेम्स खेळाव्या लागतील. सगळे शेवटच्या फ्रेमपर्यंत रंगले तर ७०५. विजेत्याला फेरीफेरीने १०, १३, १३, १७ आणि १८, अशा एकूण ७१ फ्रेम्स जिंकाव्या लागतात. १९७७ साली जॉन स्पेन्सरला विजेतेपदाचे ६ हजार पौंड मिळाले होते. २०२५च्या विजेत्याला मिळाले ५ लाख.

थिएटर छोटं, पण १९८५ सालची अंतिम लढत बीबीसीवर १ कोटी ८५ लाख लोकांनी पाहिली, तेव्हाच्या ब्रिटनच्या लोकसंख्येच्या जवळजवळ एक तृतीयांश. स्टीव्ह डेव्हिस ८-० ने पुढे होता. डेनिस टेलर एक-एक करत १७-१७ पर्यंत आला. शेवटची फ्रेम ६८ मिनिटं चालली. टेबलावर चारच चेंडू उरलेले आणि टेलर ४४-६२ असा मागे. तपकिरी, निळा, गुलाबी, काळा हे चारही त्यालाच हवे होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर काळा पडला: ६६-६२. दोन दिवसांच्या त्या लढतीत टेलर पहिल्यांदा पुढे गेला तो त्या शेवटच्या फटक्याने.

हा खेळ मुळात आपल्याकडचा. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने तो रचला, असं मानलं जातं. व्यावसायिक रँकिंग स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय मिळायला मात्र त्यानंतर १३८ वर्षं लागली. २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये मुंबईच्या आदित्य मेहताने ती गाठली. तिथे चीनच्या डिंग जुनहुईने त्याला ५-० ने हरवलं, पण त्या आठवड्याची आठवण मुंबईचे स्नूकरवेडे आजही जपतात.

रँकिंगचा नियम सोपा आणि कठोर आहे: रँकिंग स्पर्धेत जिंकलेला एक पौंड म्हणजे एक गुण, आणि तो टिकतो दोनच वर्षं. झाओ शिनतोंग वीस महिन्यांची बंदी संपवून २०२५च्या जागतिक स्पर्धेत उतरला, तोही हौशी खेळाडू म्हणून, रँकिंगच्या यादीत नाव नसताना. त्यामुळे आधी पात्रतेच्या चार फेऱ्या, प्रत्येकीत दहा फ्रेम्स जिंकायच्या. त्या चाळीस आणि क्रूसिबलच्या एकाहत्तर, मिळून १११ जिंकलेल्या फ्रेम्स. उपांत्य फेरीत त्याने ओसलिव्हनला १७-७ आणि अंतिम फेरीत मार्क विल्यम्सला १८-१२ ने हरवलं. चीनचा तो पहिला जगज्जेता. ५ लाख पौंडांचे ५ लाख गुण जमा होताच तो थेट जगात अकरावा झाला. दोन वर्षं पुरी झाली की ते पाचही लाख त्याच्या खात्यातून वजा होतील.