मांसांतील गांठी

पायांत काटा मोडला व त्याचें टोंक आंतच राहिलें, तर कांहीं आठवड्यांनीं तेथें एक कठीण गांठ हाताला लागते. ही गांठ म्हणजे शरीरानें उभारलेला तटच होय. असे तट कधीं कधीं स्नायूंमध्येंही उभे राहतात; ते कां, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८८२ सालीं मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञांनीं इटलींतील मेसिना येथें तारामाशाच्या पारदर्शक पिलांत काटे खुपसून पाहिले, तों त्या काट्यांभोंवतीं फिरत्या पेशींचा घोळका जमलेला आढळला. आपल्या शरीरांतही अशा पेशी असून त्या परकी वस्तु गिळून पचवितात. जी पचत नाहीं तिला त्या एकमेकींस चिकटून वेढून टाकतात. या वेढ्यास वैद्यकांत ग्रॅन्युलोमा म्हणतात. स्नायूंत असे वेढे पडले म्हणजे कोणास जिना चढणें कठीण जातें, कोणाच्या हाताला गांठ लागते, तर कोणास कांहींच जाणवत नाहीं.

आतां याचीं कारणें पाहूं. पहिलें, काटा, कांच, टांक्याचा दोरा यांसारखी बाहेरची वस्तु. दुसरें, क्षयाचे जंतु. मणक्यांतील क्षय कमरेच्या आंतील स्नायूंत उतरूं शकतो. तिसरें, कांहीं बुरशी व कृमि. डुकराच्या पट्टकृमीचीं अंडीं अन्नपाण्यांतून पोटांत गेलीं, तर त्यांचीं पिलें स्नायूंत जाऊन बसतात. चौथें, सार्कॉइडोसिस, यांत वेढा दिसतो, परंतु आंत शत्रु सांपडत नाहीं. त्याचें मूळ अद्यापि निश्चित झालेलें नाहीं.

वेढे दिसण्यांत सारखे असले तरी उपाय मात्र भिन्न आहेत. सार्कॉइडोसिसमध्यें प्रतिकार मंद करणारें स्टिरॉइड देतात. क्षयरोग्यास तेंच एकटें दिलें, तर वेढा ढिला पडून जंतु मोकाट सुटण्याचें भय असतें. क्षयावर जंतुनाशक औषधें निदान सहा महिने घ्यावीं लागतात. म्हणून डॉक्टर स्नायूचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. क्षयांत वेढ्याचा गाभा पुष्कळदां चक्क्यासारखा झालेला असतो. तसेंच विशिष्ट रंग देऊन जंतूंचाही शोध घेतात.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, शेजाऱ्याची गांठ ज्या औषधानें गेली तें आपल्या मुलास परस्पर देऊं नये. गांठ दिसते ती वेढ्याची. आंत कोण आहे हें तपासल्यावांचून कळत नाहीं.