काडतुसांचा पट्टा आणि कळकलेले पितळ

कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे घरातल्या आजींना पक्के ठाऊक असते. ताकातले आम्ल पितळेतल्या तांब्यावर चढाई करते आणि तांब्याचे हिरवट, विषारी क्षार तयार होतात. पातेल्यात घडणारी हीच गोष्ट चामड्याच्या पट्ट्यातही घडते.

‘शोले’ (1975) चित्रपटातल्या गब्बरसिंगचा काडतुसांचा पट्टा आठवतो ना? अमेरिकेत काही हौशी नेमबाज जुन्या काळच्या गुराख्यांचा वेश करून नेमबाजीच्या स्पर्धा खेळतात. तेही असाच पट्टा वापरतात, अनेकदा हाताने शिवलेला. जाड पट्ट्यावर चामड्याची पातळ वादी शिवून काडतुसांसाठी एकेक घर करायचे, एवढीच त्याची रचना. पण मला विचाराल तर खरी कसोटी शिवणीत नाही, घराच्या मापात आहे. घर सैल झाले तर धावताना काडतूस गळते. घट्ट झाले तर घर्षण इतके वाढते की ते बोटांनी निघत नाही.

मग कारागीर नेमके माप कसे साधतो? तो घर ओले करतो, त्यात काडतुसाच्या जाडीची लाकडी दांडी घालतो आणि सावलीत वाळू देतो. चामडे म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. पाणी शिरले की तंतूंमधले बंध ढिले होतात व तंतू एकमेकांवरून सरकतात. पाणी उडून गेले की नव्या जागी नवे बंध जुळतात आणि आकार कायम होतो. पाणी मात्र कोमटच हवे; उकळत्या पाण्यात चामडे आक्रसून निकामी होते.

हे साधते ते वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यात. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे चामडे हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावतात. त्यांतले टॅनिन कोलॅजेनच्या तंतूंना चिकटते, म्हणून कातडे कुजत नाही. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले मऊ चामडे असा आकार नीट धरत नाही.

तुम्हीही हे करून पाहा. चपला शिवणाऱ्या कारागिराकडून दोन्ही प्रकारचे तुकडे मागून घ्या. ओले करून पेन्सिलीभोवती गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि दोन दिवसांनी सोडा. कोणता तुकडा कोणता, हे ओळखायचे असेल तर व्हिनेगरमध्ये लोखंडी खिळे दोन-तीन दिवस भिजवून त्या पाण्याचा थेंब तुकड्यावर टाका. टॅनिन असेल तर काळा डाग पडतो. (प्रयोगाला पेन्सिलच घ्यायची, काडतूस नव्हे!)

आता पितळेकडे वळू. काडतुसाच्या पितळेत सुमारे 70 टक्के तांबे व 30 टक्के जस्त असते. असे पितळ बनवणारी आयुध निर्माणी कल्याणच्या शेजारीच, अंबरनाथला आहे. चामड्यातली आम्ले व चरबी, हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा एकत्र आले की तांब्यावर हिरवे, चिकट क्षार साचतात. म्हणजे ज्या टॅनिनमुळे घराला आकार येतो, तेच आम्लधर्मी असल्याने पितळेवर उलटते. 1870 नंतरच्या दशकात अमेरिकी सैन्याची काडतुसे चक्क तांब्याची होती. त्यांवर हा थर चढला की झाडलेल्या काडतुसाचे कवच बंदुकीच्या नळीतच अडकून बसे. समोर शत्रू असताना बंदूक अशी बंद पडली तर सैनिकाचे काय होईल, ते सांगायला नको. अखेर 1876 मध्ये चामड्याऐवजी कापडी घरांचा पट्टा आला. पुढे काही काडतुसांना निकेलचा मुलामा देऊ लागले. आपली कल्हईच म्हणा ना! हौशी नेमबाज मात्र सोपा उपाय करतात: स्पर्धा संपली की काडतुसे पट्ट्यातून काढून डबीत ठेवतात.

ठाणे-डोंबिवलीच्या पावसाळ्यात तर हवेत ओलावा भरपूर. घरात पितळी बक्कल असलेला जुना चामडी पट्टा असेल, तर बक्कल जिथे चामड्याला टेकते ती मागची बाजू सप्टेंबर-अखेरीस भिंगातून पाहा आणि दर्शनी बाजूशी ताडून बघा.