थंडीआधी खुराड्याची तयारी

बालाघाट जिल्ह्यात, त्यातही बैहरच्या पठारावर, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठतात. दिवाळी सरली की परसातल्या खुराड्याकडे वळा.

• गादी : वाळलेल्या धानाच्या तुसाचा 4 ते 6 इंच थर द्या. रोज वरखाली करा. ओले गोळे काढून टाका.

• आडोसा : वाऱ्याच्या बाजूच्या जाळीला गोणपाट लावा, पण वरची वीतभर जागा मोकळी सोडा. सकाळी आत वाकल्यावर डोळे चुरचुरले, तर अमोनिया साचलाय.

• शेगडी : बंद खुराड्यात कोळसा पेटवू नका. धूर दिसला नाही तरी विषारी वायू साचतो.

• पिल्लं : पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब, पुढे दर आठवड्याला 3 अंश कमी. बल्बखाली गर्दी झाली तर ऊब अपुरी. लांब पांगली तर जास्त.

• दाणा-पाणी : संध्याकाळी भरडलेला मका, सकाळी कोमट पाणी.

• अंडी : भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो, डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा. पहाटे बल्ब लावा.

• लस : मानमोडीची (राणीखेत) लस राहिली असल्यास पशुवैद्यकांकडून टोचून घ्या.