कृष्णद्रव्याचा जन्म नेमका कधीचा?

सांगलीतल्या विश्रामबागच्या विलिंग्डन कॉलेजातला कुठलाही वर्ग घ्या. खगोलशास्त्रज्ञांच्या हिशेबानं तिथल्या लिटरभर जागेत तीन-चारशे प्रोटॉनांच्या वजनाइतकं कृष्णद्रव्य आत्ताही असणार. बाकांतून, भिंतींतून, पोरांच्या अंगातून ते आरपार जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही. 1933 मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा समूहातल्या दीर्घिकांचा वेग खटकला. दिसणाऱ्या वस्तुमानाला त्या धरून ठेवणं शक्यच नव्हतं; न दिसणारं काहीतरी, म्हणजे कृष्णद्रव्य, तिथं असायला हवं होतं.

हे द्रव्य आलं कुठून? रूढ उत्तर असं: आरंभी, सेकंदाच्या कल्पनातीत लहान अंशात, विश्व अफाट वेगानं ताणलं गेलं. ॲलन गुथ यांनी 1981 साली मांडलेलं हेच इन्फ्लेशन. ते थांबल्यावर त्याच्या ऊर्जेतून तप्त कणांचा रस्सा झाला आणि त्यातच कृष्णद्रव्यही शिजलं.

पण कृष्णद्रव्य इन्फ्लेशन चालू असतानाच तयार झालं असेल तर? इथं अडचण उघड आहे. कृष्णेच्या पुरात चिमूटभर हळद टाकावी, तसं त्या ताणात काहीही विरून जाणार. 2024 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या कॅथरीन फ्रीज आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी यावर तोड सुचवली. इन्फ्लेशन थंडगार नसून ‘उष्ण’ असेल, म्हणजे विश्व ताणलं जातानाच थोडं प्रारण निर्माण होत राहिलं असेल, तर त्यातून कृष्णद्रव्याचे कण थोडेथोडे निपजत राहतील. विरून उरतील तेवढे आजच्या हिशेबाला पुरतात, असं त्यांचं गणित सांगतं.

गणित देखणं आहे. पण कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर असते तर त्यांनी आधी पुरावा मागितला असता. इन्फ्लेशन आणि कृष्णद्रव्य या दोन्हींबाबत ते अखेरपर्यंत साशंक राहिले. मला त्यांचं म्हणणं सगळं पटत नाही, पण हा आग्रह पटतो. इथं तर एका न पाहिलेल्या गोष्टीचा जन्म दुसऱ्या न पाहिलेल्या घटनेत शोधायचा आहे!

शिवाय असे कण इतरांशी इतके कमी मिसळतात की जमिनीखालच्या प्रयोगशाळांत ते सापडण्याची आशा फारशी नाही. इन्फ्लेशनची खूण आकाशातच शोधायला हवी: आरंभीच्या गुरुत्वीय लहरींत, वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या ध्रुवीकरणात. 2023 मध्ये नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणं वापरणाऱ्या भारतीय गटानं युरोपीय गटाबरोबर पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांत मंद गुरुत्वीय लहरींचे संकेत नोंदवले. त्या बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असाव्यात. इन्फ्लेशनचं नाव मात्र संशयितांच्या यादीतून अजून खोडलेलं नाही.